प्रौढपणी लस टोचून घ्यावी काय?

लस म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मांडीवरचे मूल उभे राहते. डांग्या खोकला, घटसर्प, पोलिओ, गोवर ह्या साऱ्यांच्या लशी बालपणीच्या. मोठ्या माणसाने दंड पुढे करायचा तो कुत्रे चावल्यावर, नाहीतर कोविडसारखी साथ दारात आल्यावर. त्यामुळे एखाद्या पस्तिशी-चाळिशीच्या गृहिणीने मुलीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्यासाठी दवाखान्यात जावे आणि मुलीचे टोचून झाल्यावर हळूच "मग मीही घेतली तर?" असे विचारावे, हा प्रकार आपल्याकडे तसा नवाच. प्रश्न मात्र रास्त आहे, आणि वाटतो तितका सोपा नाही. त्याला 'घ्या' किंवा 'नको' असे एकशब्दी उत्तर मिळाले तर ते अपुरे असण्याचा संभव फार. उत्तर त्या बाईच्या वयावर थोडे आणि तिच्या पुढच्या आयुष्यावर पुष्कळ अवलंबून आहे. हे कसे, ते आम्ही येथे उलगडून पाहणार आहोत.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. हा विषय स्त्रीपुरुषसंबंधाला स्पर्श करतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ साली देह ठेवीपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले, तेथे असल्या विषयावर आडपडदा ठेवून बोलण्याचे कारण नाही. आडपडद्याची किंमत भगिनींनी पुष्कळ मोजलेली आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात ह्या एका रोगाच्या सुमारे १ लक्ष २७ हजार नव्या रुग्ण वर्षाला सापडतात आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याला बळी पडतात.

हा रोग मुळात एका संसर्गाचे दूरचे फळ आहे. इटलीतील व्हेरोना येथील रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने १८४२ साली त्या शहरातील मृत्यूंच्या नोंदी चाळून पाहिल्या, तेव्हा त्याला असे आढळले की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत पुष्कळ दिसतो, मठात राहणाऱ्या संन्यासिनींत मात्र क्वचित. ह्या निरीक्षणाचा खरा अर्थ लागायला सुमारे १४० वर्षे जावी लागली. १९८३ साली जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांच्या प्रयोगशाळेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींत ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसची सोळावी जात सापडली. पाठोपाठ अठरावी सापडली. आणि २००८ साली त्सुर हाउझेन ह्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या विषाणूलाच आज आपण एच.पी.व्ही. म्हणतो. त्याच्या दोनशेंहून अधिक जाती आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काही चामखिळीपुरत्या, आणि बारा-चौदा तेवढ्या घातकी. जगातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांचे पाप एकट्या १६ आणि १८ ह्या दोन जातींच्या माथी आहे.

आता ह्या विषाणूची चालचलणूक नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण लशीचा सारा निवाडा तीवर आहे. तो त्वचेच्या जवळिकीने पसरतो. वैवाहिक जीवन सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत बहुतेक स्त्रीपुरुषांना त्याची कोणती ना कोणती जात एकदा तरी गाठते. ती आली हे कळत नाही. ताप नाही, दुखणे नाही. शंभरांपैकी नव्वदांच्या बाबतीत शरीर दोनएक वर्षांत तिला आपले आपणच हुसकून लावते. उरलेल्यांत ती ठाण मांडून बसते, आणि त्यांतल्याही काहींत पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग उगवतो. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी जो रोग दिसतो त्याचे बी पंचविशीत पडलेले असू शकते. ह्यातून एक गोष्ट निघते आणि ती आम्ही मुद्दाम सांगतो: तपासणीत विषाणू आढळला म्हणजे कोणाचे पाऊल वाकडे पडले असा अर्थ होत नाही. तो लग्नापूर्वीचा, लग्नाच्या पहिल्या वर्षाचा, नवऱ्याकडून आलेला, इतकी वर्षे दबून राहिलेला असा कसाही असू शकतो. प्रयोगशाळेचा कागद हातात घेऊन घरात पंचायत बसविणे हा शुद्ध अडाणीपणा होय.

लस कशी आहे? विषाणूचे वरचे कवच ज्या प्रथिनाचे बनते ते प्रथिन यीस्टसारख्या जिवांकडून तयार करून घेतात. त्याचे रेणू आपोआप जुळून विषाणूसारखेच पोकळ गोळे होतात. १९९१ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे इयन फ्रेझर आणि जियान झोऊ ह्यांनी ही युक्ती साधली. गोळ्यात बीज नाही. नारळ आहे पण आत खोबरे नाही. त्यामुळे लशीपासून हा रोग होणे शक्य नाही. शरीर मात्र ते कवच पाहून शत्रू ओळखायला शिकते आणि उद्या खरा शत्रू आला तर त्याला उंबरठ्यावरच अडविते. ह्या तत्त्वावरची पहिली लस २००६ साली अमेरिकेत मंजूर झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हावॅक' ह्या भारतीय लशीला २०२२ साली मान्यता मिळाली.

उंबरठ्यावर, हा शब्द येथे कळीचा आहे. घरात शिरून माळ्यावर लपलेल्या चोराला दारावरचा पहारेकरी काही करू शकत नाही. ही नुसती उपमा नाही. कोस्टा रिका देशात ती पारखून पाहिली गेली. ज्या तरुण स्त्रियांच्या शरीरात विषाणू आधीच आहे अशा दोन हजारांहून अधिक जणींपैकी काहींना ही लस दिली, काहींना दुसरीच. वर्षभराने दोन्ही गटांत १६ आणि १८ ह्या जातींचा विषाणू नाहीसा झालेल्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे निम्मे, निघाले. २००७ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लस औषध नव्हे, हे त्याने पक्के केले.

म्हणून लस जितकी लवकर, तितकी तिची करामत मोठी. इंग्लंडात २०२१ साली जो हिशेब मांडला गेला त्यात ज्या मुलींना बारा-तेराव्या वर्षी लस मिळाली त्यांच्यात हा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटलेला दिसला. चौदा ते सोळा वयात मिळाली त्यांच्यात ६२ टक्क्यांनी. आणि सोळा ते अठरा वयात मिळाली त्यांच्यात ३४ टक्क्यांनी. स्वीडनमध्ये २०२० साली असेच दिसले: सतरा वर्षांच्या आत घेणाऱ्यांत ८८ टक्के घट, सतरा ते तीस वयात घेणाऱ्यांत ५३ टक्के. उतार स्पष्ट आहे. मग तिशीपलीकडे हा उतार शून्याला जाऊन मिळतो की काय?

नाही, आणि येथेच आमच्या प्रश्नाचा गाभा आहे. कोलंबिया, फ्रान्स, थायलंड, फिलिपाइन्स इत्यादी देशांतील २४ ते ४५ वयाच्या ३,८१९ स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचा अंतिम निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन आकडे आहेत. ज्या स्त्रिया लशीतल्या जातींपासून तोवर मुक्त होत्या आणि ज्यांनी तिन्ही मात्रा नीट घेतल्या, त्यांना लशीने ८८.७ टक्के संरक्षण दिले. परंतु आधी संसर्ग झालेला असो वा नसो, मात्रा पुऱ्या घेतलेल्या असोत वा नसोत, सगळ्या जणींना एकत्र धरले तेव्हा तोच आकडा ४७.२ वर आला. शिवाय हे संरक्षण टिकून राहणाऱ्या संसर्गापासून आणि त्यातून होणाऱ्या विकृतींपासून मोजलेले आहे, प्रत्यक्ष कर्करोगापासून नव्हे. कर्करोग व्हायला जितकी वर्षे लागतात तितकी वाट कोणताही प्रयोग पाहू शकत नाही.

दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला असे सांगतो की चाळिशीतल्या शरीरालाही धडा शिकता येतो. वयाने शिकण्याची शक्ती जात नाही. दुसरा असे सांगतो की वर्गात येईपर्यंत पुष्कळ जणींची परीक्षा होऊन गेलेली असते. लशीची जाहिरात करणारा पहिला आकडा पुढे करील आणि विरोधक दुसरा. आपण विचारायचे ते हे, की ह्या दोहोंपैकी माझ्या जवळचा आकडा कोणता?

वाटेल की रक्त तपासून हे ठरविता येईल. तसे होत नाही. संसर्ग होऊन गेलेल्या कित्येक स्त्रियांच्या रक्तात त्याची खूणच राहत नाही. आणि गर्भाशयमुखाची विषाणूतपासणी आज काय आहे ते सांगते, काल काय येऊन गेले ते नाही. म्हणून लशीपूर्वी अशी तपासणी करण्याची शिफारस कोणी करीत नाही. मागचे कळायला मार्ग नाही, तेव्हा पुढचे पाहावे हे उत्तम. ह्यापुढील आयुष्यात नवा विषाणू भेटण्याचा संभव किती? चाळिशीत लशीचा उपयोग व्हायचा तो एवढ्याच वाटेने.

पंधरा-वीस वर्षांचा संसार झालेला, दोघांचे जग एकमेकांपुरते, अशी बाई घ्या. तिला ज्या जाती भेटायच्या त्या भेटून गेल्या. नवी भेटण्याचा संभव अत्यल्प. तिने लस घेतल्याने अपाय काही नाही, पण लाभही फारसा नाही. उलट पस्तिसाव्या वर्षी प्रथमच विवाह करणारी, किंवा वैधव्यानंतर अथवा घटस्फोटानंतर नवा संसार मांडणारी स्त्री घ्या. तिच्या पुढ्यात नवा माणूस आहे आणि त्या माणसाबरोबर त्याचा भूतकाळही येणार आहे, मग तो कितीही सज्जन का असेना. तिच्याबाबतीत लस विचारात घेण्यासारखी खासच आहे, आणि ती लग्नाआधी, मात्रा पुऱ्या होतील अशा बेताने. आपल्याकडे पुनर्विवाहाची बोलणी करताना फ्लॅट कोणाच्या नावावर हे विचारतात. ह्याचा विचार कोणाच्या मनातही येत नाही.

तिसरी अवस्था बोलायला अवघड. नवरा महिनोन्महिने परगावी, गाडीवर, बोटीवर, बांधकामावर. बाई स्वतःपुरती हमी देऊ शकते, दुसऱ्याची कशी देणार? ह्यात कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या स्त्रीला मनातून धाकधूक आहे तिने कारण न सांगता लस मागितली तर डॉक्टरांनी तिची उलटतपासणी घेऊ नये, एवढे आम्ही अवश्य म्हणू.

शहाणीसुरती माणसे ह्या प्रश्नावर एकमताची नाहीत हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या औषधखात्याने २०१८ च्या ऑक्टोबरात नऊ जातींविरुद्धच्या लशीला २७ ते ४५ वयासाठी परवानगी दिली. २०१९ साली तेथील सरकारी लस-सल्लागार समितीने म्हटले की ह्या वयात सरसकट शिफारस करू नये. डॉक्टर आणि ती व्यक्ती ह्यांनी मिळून ठरवावे. २०२० साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ह्या दुसऱ्या मार्गालाही पाठिंबा नाकारला: लाभ इतका थोडा आणि कोणाला होईल हे इतके अनिश्चित, की डॉक्टर तरी काय सांगणार? पुरावा तोच, निष्कर्ष मात्र वेगळे. ह्याचे मर्म समितीपुढे आलेल्या एका गणिती अंदाजात आहे. मुलामुलींच्या चालू कार्यक्रमात एक कर्करोग टाळण्यासाठी सुमारे २०२ जणांना लस द्यावी लागते. तोच कार्यक्रम पंचेचाळिशीपर्यंत वाढविला तर त्या वाढीव भागात एका कर्करोगामागे ६,५०० जणांना. हे आकडे अमेरिकेचे, जेथे लस आणि तपासणी दोन्ही पूर्वीपासून रुळली आहेत. ते जसेच्या तसे आपल्याला लागू करता येणार नाहीत. पण सरकारी तिजोरीचा हिशेब आणि एका बाईचा हिशेब निराळा असतो, हे त्यांवरून कळते. तिजोरीला ६,५०० ही संख्या परवडणार नाही. ज्या बाईचे आयुष्य नव्या वळणावर आहे ती त्या गर्दीतली सरासरी बाई नव्हेच. आमचे मत विचाराल तर सरसकट शिफारस न करणे बरोबर, आणि मागणारीला नकार देणे चूक.

घरच्या तिजोरीचा विचार मात्र करावाच लागतो. खाजगी दवाखान्यात प्रौढ स्त्रीच्या मात्रांचा खर्च मध्यमवर्गीय घराला दोनदा विचार करायला लावणारा आहे. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल आणि पैसे एकीपुरतेच असतील, तर तेथे विचाराला जागाच नाही, लस मुलीची. तिला पुष्कळदा एकच मात्रा पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या डिसेंबरात वीस वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी एक मात्रा हा पर्याय मान्य केला, आणि त्यामागच्या पुराव्यात आपल्या बार्शीच्या व पुण्याच्या मुलींचाही वाटा आहे. २००९ साली भारतात दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला होता. आंध्र आणि गुजरातेतील एका निराळ्या लस-प्रकल्पावरून वादळ उठल्यामुळे २०१० साली तोही मध्येच थांबवावा लागला, आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली. दहा वर्षे त्यांची पाहणी चालू राहिली, तेव्हा १६ व १८ ह्या जातींच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के रक्षण केले असे आढळले. आंध्र-गुजरातेतील मुलींचे जे मृत्यू त्या वेळी गाजले ते लशीमुळे झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले नाही. परंतु पालकांची संमती घेण्यात जी हयगय झाली तिच्यावर संसदीय समितीने ओढलेले ताशेरे योग्यच होते. संशय लोकांच्या मनात तेथून शिरला तो अजून पुरता गेलेला नाही.

आता जी गोष्ट आम्हांला लशीहून महत्त्वाची वाटते तिच्याकडे वळतो. चाळिशीतल्या स्त्रीला जो धोका आहे तो मुख्यतः उद्या येणाऱ्या विषाणूचा नसून पूर्वी येऊन दबा धरून बसलेल्या विषाणूचा आहे, आणि त्याला लस काही करीत नाही. त्याला शोधून काढणारी तपासणी मात्र आहे. ह्याचा जगात गाजलेला दाखला आपल्या मराठवाड्यातला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लक्ष ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. खेड्यांचे चार गट केले. एकात विषाणूची तपासणी, एकात पेशींची, एकात व्हिनेगरसारखे आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथा नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेला. विषाणूची तपासणी देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांत आठ वर्षांत ह्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांत ६४. तपासणी झाली ती आयुष्यात एकदाच, आणि मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! २००९ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. (चौथ्या गटाला असे सोडून देणे न्यायाचे होते काय, असा आक्षेप पुढे घेतला गेला, तो हलका नाही.) मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून साध्या शिक्षणाच्या आरोग्यसेविकांना शिकवून आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी करविली, तेथे मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. हे सारे आपल्या दारात घडलेले असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी ही तपासणी कधीतरी करून घेतली आहे.

म्हणून आम्हांला भीती वाटते ती लस घेणाऱ्या प्रौढ स्त्रीच्या निर्धास्तपणाची. तिन्ही मात्रा घेतल्या, प्रमाणपत्र कपाटात ठेवले, आता काय काळजी! आणि विषाणू दहा वर्षांपूर्वीच मुक्कामाला आलेला असतो. लस घेतलेल्या स्त्रीलाही तिशीनंतर तपासणी चुकत नाही. विषाणूची तपासणी निर्दोष आली तर पुन्हा पाच ते दहा वर्षांनी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, एच.आय.व्ही.ची बाधा असलेल्या स्त्रियांनी मात्र पंचविसाव्या वर्षापासून आणि तीन ते पाच वर्षांनी. ही तपासणी काही मिनिटांची, बिनभुलीची. संकोच होतो हे खरे. पण दोन बाळंतपणे केलेल्या बाईने ह्या टेबलाला घाबरावे हे आम्हांला पटत नाही.

पुरुषांनाही हा विषाणू सोडत नाही. घशाच्या व गुदद्वाराच्या काही कर्करोगांत त्याचा हात असतो, आणि लस मुलग्यांनाही देता येते. प्रौढ पुरुषाचा हिशेब स्त्रीसारखाच: मागे काय झाले ह्यापेक्षा पुढे काय होणार आहे.

विचारांती लस घ्यायचे ठरलेच तर तपशील थोडे आहेत. प्रौढांसाठी रूढ पद्धत सहा महिन्यांत तीन मात्रांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एकविशीपुढच्या निरोगी स्त्रीला सहा महिन्यांच्या अंतराने दोनही चालतात. सर्व्हावॅकला मान्यता मिळाली ती ९ ते २६ ह्या वयासाठी. तेव्हा आपल्या वयाला कोणती लस मंजूर आहे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. गरोदरपणात घेऊ नये. मध्येच दिवस गेले तर उरलेल्या मात्रा बाळंतपणानंतर घ्याव्या, घाबरण्याचे कारण नाही. दंड एक-दोन दिवस दुखतो, कोणाला चक्कर येते, म्हणून टोचल्यावर पाव तास बसून राहावे. लशीने वंध्यत्व येते ही अफवा आहे. आणि ज्या स्त्रीला पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागले आहे, किंवा संबंधानंतर रक्त दिसते, तिच्यापुढे लशीचा प्रश्नच उभा राहत नाही. तिने त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन तपासून घ्यायचे.